निष्पत्ती क्रमांक चार

सांता मोनिका, ११ फेब्रुवारी

मारे,

फोन तू दोनदा कापलास. ऑफिसच्या मेलवर लिहिलं तर तुझी सेक्रेटरी आधी वाचते. म्हणून हा कागद. उद्या कॅम्पसची गाडी फायली घेऊन शहरात येतेय, ड्रायव्हरला सांगितलंय की पाकीट तुझ्याच हातात द्यायचं.

सरळ विचारते. एकवीस कुठून आले?

मी पाठवले होते नऊ. उपयोजित गणिताच्या शेवटच्या वर्षाची सव्वीस मुलं, त्यातली नऊ. तुझ्या गुणवत्ता कार्यालयातून काल छापील अहवाल आला, त्याच्या एक्केचाळिसाव्या पानावर लिहिलंय : ‘निष्पत्ती क्रमांक चार. साध्य केलेले विद्यार्थी २१. टक्केवारी ८०.८.’ मानांकनाला ऐंशी टक्के लागतात. वीस लिहिले असते तर शहात्तर पूर्णांक नऊ झाले असते, म्हणून एकवीस. एवढं गणित तुझ्याच हाताखाली शिकलेय मी.

आणि बदलायला तुला सापडली तीही नेमकी चौथीच. शिकून संपल्यावर मुलांना काय यायला हवं, त्या यादीतल्या बाकीच्या सहा निष्पत्ती पुस्तकी आहेत, त्यांत मुलं आरामात पार होतात. चौथी तू लिहिलीस, माझ्या स्वयंपाकघरात, एका हाताने तांदूळ निवडत. मला शब्दन् शब्द पाठ आहे. ‘विद्यार्थी खऱ्या जगातला प्रश्न गणितात मांडेल, आलेलं उत्तर ताडून पाहील, आणि ते कुठे चालत नाही हे गणित न येणाऱ्या माणसाला समजावून सांगेल.’ डीनना तो शेवटचा तुकडा नको होता. तू त्यांना म्हणालीस, ‘‘सर, तेवढं एक आलं ना पोरांना, तर बाकीचं नाही आलं तरी मी त्यांना पदवी देईन.’’ मी तेव्हा तुझ्याकडे बघतच राहिले होते.

या वर्षी आम्ही मुलांना बंदरावर पाठवलं. प्रश्न साधा : मासळी उतरते त्या धक्क्यावर रोज सकाळी बर्फाच्या किती लाद्या लागतील? बर्फाच्या कारखान्यात लाद्या कमी पडल्या की मासळी नासते, जास्त झाल्या की वितळून गटारात जातात. दोन आठवडे धक्क्यावर उभं राहायचं, मोजायचं, सूत्र बांधायचं, आणि कारखान्याची मुकादमीण, सगळ्यांची थोरली ताई मनांग पुरिंग, हिला आपल्या भाषेत समजावून सांगायचं. मारे, काय काय आलं माहितीये? एका गटाच्या सूत्रानुसार सोमवारी उणे चौदा लाद्या लागत होत्या. उणे चौदा! पुरिंगने विचारलं, ‘‘म्हणजे मी कोळ्यांकडून बर्फ परत मागायचा का गं?’’ आणि ती मुलगी म्हणाली, ‘‘सूत्र तसंच आहे, मनांग.’’ तिला तू चारपैकी तीन दिलेस. तीन म्हणजे ‘साध्य’. कुठल्या तोंडाने?

फोन कापायच्या आधी तू जेवढं बोललीस तेवढं माझ्या कानात आहे. ‘‘एवढं काय मनाला लावून घेतेस? ही पोरांची परीक्षा नाहीये, आपली आहे. कुणाच्या गुणपत्रिकेला कोणी हात लावलेला नाही.’’

नाही लावला. म्हणूनच तर संताप येतो. मुलं पास झालीच आहेत, आपण त्यांना पास केलंच आहे. हा एकच कागद असा होता ज्यात आपण स्वतःला विचारत होतो की आम्ही यांना खरंच काही शिकवलं का. तिथेही तू उत्तर कॉपी केलंस.

अहवालाखाली समन्वयक म्हणून माझं नाव आहे. सही करायची जागा कोरी आहे. ती कोरीच राहील.

रोसेंडा

ता. क. त्या बारा मुलांची नावं इथे लिहीत नाही. तुला माहीत आहेत.


सांता मोनिका, १९ फेब्रुवारी

माननीय संचालकबाई,

आपलं दोन ओळींचं पत्र मिळालं. ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. समन्वयकाच्या सहीचं पान २५ तारखेपर्यंत पोचवावं.’ खाली आपला शिक्का. माझ्या रिझेलच्या बाप्तिस्म्याला चर्चमध्ये तिची निनांग, धर्ममाता म्हणून तिला हातांवर घेऊन उभ्या राहिलात, त्या दिवसापासून मी आपल्याला मॅडम म्हणायचं सोडून मारे, मुलीची दुसरी आई, म्हणू लागले. वीस वर्षं झाली. आता शिक्क्यालाच उत्तर द्यायचं तर ‘तुम्ही’ म्हटलेलं बरं.

काल डीन मागबानुआंनी बोलावलं. खोलीत नवे पडदे, नवा पंखा, भिंतीवर मानांकन समितीच्या स्वागताचा फ्लेक्स आणि त्यावर त्यांचाच हसरा फोटो, दारापेक्षा मोठा. शिक्षकांच्या संडासात तर साबण आलाय, बाई! सात वर्षांत पहिल्यांदा.

‘‘रोसेंडा मॅडम,’’ म्हणाले, ‘‘तुम्ही गणितवाल्या. आकड्यांशी कशाला भांडता?’’

‘‘आकड्यांशी नाही भांडत, सर. तुमच्याशी भांडतेय.’’

‘‘समन्वयकपद दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.’’

‘‘द्या की. पण मागच्या महिन्यात मीच पाठवलेला नऊचा कागद आहे. तो कसा दुसऱ्या कुणाला द्याल?’’

मग ते हसायचे थांबले. म्हणाले, मानांकन गेलं तर पुढच्या वर्षी प्रवेश बंद. सात शिक्षक रस्त्यावर. त्यातले चार कंत्राटी, त्यांच्यातल्या गाउदेन्सियो सरांच्या घरात अंथरुणाला खिळलेली बायको. ‘‘हे सगळं तुमच्या एका सहीसाठी?’’ असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी कॉफी मागवली. मी ती प्यायले नाही.

आपल्या पत्रात शिक्क्याच्या खाली, पेनाने, बारीक अक्षरात एक ओळ आहे. ‘डिप्लोमाचं काय झालं ते तुला माहीत आहे.’

आहे माहीत. संध्याकाळी चालणारा संख्याशास्त्राचा डिप्लोमा तुम्ही एकटीने उभा केला होतात. नोकरी करून येणाऱ्या बायका, दोन पोलिस, एक नर्स. मानांकनवाले आले तेव्हा तुम्ही खरा आकडा दिलात, एकतीस टक्के, आणि खाली लिहिलंत की विद्यार्थ्यांना बीजगणितच येत नाही, आम्हाला एक वर्ष द्या. त्यांनी वर्ष दिलं नाही, कुलूप दिलं. त्याच वर्षी नर्सिंगवाल्यांनी शंभर टक्के लिहिले आणि त्यांना नवी इमारत मिळाली. वर्ग रिकामा करताना तुम्ही फळा स्वतः पुसलात, मला हात लावू दिला नाहीत. मी दारात उभी होते.

मला हे सगळं आठवतं, आदेलिना. आणि म्हणून मी तुला माफ करणार असं तुला वाटत असेल, तर नाही. ज्यांनी तुला खोटं बोलायला शिकवलं त्यांच्या खुर्चीत तू जाऊन बसलीस, आणि आता तुझी पाळी आल्यावर मला शिकवतेस. तेव्हा तुझ्याबरोबर कोणी उभं राहिलं नाही, हे खरं. मीही नाही. मी कंत्राटी होते, पोटात रिझेलचा पाठचा होता जो पुढे राहिला नाही. पण आज मी उभी राहिले तर समोरच्या बाजूला तू?

सहीचं पान सोबत परत पाठवतेय. कोरं.

रोसेंडा


सांता मोनिका, ४ मार्च

मारे,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर मी सगळी खोटी पडेन, आणि मला निम्मीच खोटी पडायचंय.

काल रिझेल घरी आली ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. समितीसाठी पुराव्यांचे खोके लावायला शेवटच्या वर्षाच्या मुलांनाच बसवलंय, निष्पत्ती चारच्या खोक्यात तिला तुमच्या कार्यालयाने छापलेला तक्ता सापडला. स्वतःच्या नावापुढे तीन.

‘‘मा, मला गाउदेन्सियो सरांनी एक दिला होता. त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं.’’

मी म्हटलं, ‘‘कार्यालयातून बदललंय. तुझ्या निनांगने. तुझ्या एकटीचं नाही, बारा जणांचं. मी सही केलेली नाही.’’

‘‘ते मला माहितीये. सगळ्या कॉलेजला माहितीये.’’ मग तिने पिशवीतून दुसरा कागद काढला. माझ्या कपाटातला, आमचा हाताने लिहिलेला मूळ तक्ता. ‘‘पण यात माझ्यापुढे दोन आहेत. एकावर खोडून दोन. हे कोणी केलं?’’

आता सांगते. रिझेलचा पेपर मी तपासला नाही, आईने तपासू नये म्हणून तो गाउदेन्सियो सरांकडे दिला होता. ते सगळं नियमाने झालं. मग एका दुपारी मी त्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, ‘‘सर, पुन्हा एकदा बघता का? एक जरा कडक वाटतो.’’ बस, एवढंच म्हटलं. सर माझ्याकडे न बघता पेन उचलून खोडून मोकळे झाले. मी त्यांच्या कंत्राटाच्या शिफारशीवर सही करते, मारे. मला ते तिथे जाण्याआधी माहीत होतं आणि तिथून निघतानाही.

दोन म्हणजे तरी ‘साध्य’ नाहीच, नऊचा आकडा काही बदलला नाही, असं मी महिनाभर स्वतःला समजावत होते. तुला ती रागाची पत्रं लिहिताना तर मला ते आठवायचंही नाही. आठवायचं नाही म्हणजे मी आठवू द्यायची नाही.

रिझेलला मी हेच सांगितलं, की एकाचे दोन झाल्याने काही फरक पडला नाही. ती म्हणाली, ‘‘मग केलंस कशाला?’’

आणि पुढे जे म्हणाली ते तुला सांगायला मला लाज वाटते, पण ऐक. चौदा दिवसांपैकी तीन दिवस ती धक्क्यावर गेलीच नव्हती. ताप नव्हता, पाऊस नव्हता, कंटाळा आला होता. ते तीन आकडे तिने आपल्या घरी, याच टेबलावर बसून लिहिले. सरांनी ते ओळखलं, कारण त्यातला एक रविवार होता आणि त्या रविवारी कारखानाच बंद होता. म्हणून एक.

‘‘तुम्ही दोघी माझ्यावरून भांडताय,’’ म्हणाली, ‘‘आणि मला दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही की तुला काय येतं.’’

जेवली नाही. तिच्या आवडीचं पान्सित मोलोचं सूप तसंच थंड झालं.

तुझ्यावर मी अजून चिडलेलीच आहे. बारा म्हणजे बारा. पण एक माझाही आहे.

रोसेंडा


सांता मोनिका, १६ मार्च

आदेलिना,

तू त्याच खोलीत होतीस, तुला काय सांगायचं? पण तू माझ्याशी एक शब्द न बोलता गाडीत बसून निघून गेलीस, म्हणून माझ्या बाजूने लिहिते. निदान एका कागदावर ते जसं झालं तसं असू दे.

समितीसाठी तीन दिवस बँड, हार, आख्खं भाजलेलं डुक्कर. समितीच्या अध्यक्षबाईंना नाचून दाखवायला प्रथम वर्षाची मुलं दोन आठवडे वर्गात आली नव्हती. शेवटच्या दिवशी दुपारी मुलांच्या मुलाखती. नियमाप्रमाणे शिक्षकांनी बाहेर थांबायचं, पण डीन म्हणाले आपण मागे बसू, आणि अध्यक्षबाईंनी हरकत घेतली नाही. तू खिडकीशी. मी दाराशी.

डीननी कोणती दहा मुलं निवडली होती ते तुला माहीत आहे. रिझेल त्यात नव्हती. ती अकरावी खुर्ची ओढून बसली.

अध्यक्षबाईंनी गोड आवाजात विचारलं, ‘‘निष्पत्ती क्रमांक चारमध्ये ऐंशी टक्के! कौतुक आहे. कोणी सांगेल, तुम्ही काय केलंत?’’ एका चष्मेवाल्या मुलाने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. मग रिझेल उभी राहिली.

‘‘मॅडम, मला यात तीन मिळालेत. मला हे येत नाही.’’

कुणीतरी हसलं. डीन म्हणाले, ‘‘विनम्र मुलगी आहे, समन्वयक मॅडमची कन्या.’’

‘‘विनम्र नाही, सर. मी तीन दिवसांचे आकडे मनाने लिहिले होते. माझं सूत्र रविवारी बंद कारखान्यातून सदतीस लाद्या काढतं. सरांनी मला एक दिला होता. तो बरोबर होता.’’

अध्यक्षबाईंचा आवाज एकदम बदलला. दहा मुलांकडे बघून त्या म्हणाल्या, ‘‘अजून कोणाला वाटतं, की आपल्याला मिळालेला आकडा आपला नाही?’’ मी मोजत होते. पहिला हात वर जायला बराच वेळ लागला. तो उणे चौदा लाद्यांवाल्या मुलीचा होता. मग आणखी दोन. मग तो चष्मेवाला, मान खाली घालून. रिझेल धरून एकूण पाच.

तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी तुझ्याकडेच बघत होते.

मूळ तक्ता मागितला तेव्हा मी तो पुढे ठेवला. मला वाटलं होतं या क्षणी मला बरं वाटेल. अध्यक्षबाईंनी बोट ठेवलं ते नेमकं रिझेलच्या ओळीवर. ‘‘हे कोणी खोडलं?’’

गाउदेन्सियो सर जिन्यात उभे होते. मी ‘सरांनी’ म्हणाले असते तर ते खरंच होतं, पेन त्यांचंच होतं. मी म्हटलं, ‘‘मी सांगितलं म्हणून. ती माझी मुलगी आहे.’’

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलंस. त्या बघण्यात काय होतं ते मला कळलं नाही. दया असेल तर ती तुझ्याकडेच ठेव.

तुला आधीच कळलं असेल, तरी लिहिते. मानांकन काढलं नाही, एक वर्ष लांबणीवर टाकलंय. जी सतरा मुलं कमी पडली त्या सगळ्यांनी हे काम पुन्हा करायचं, त्याशिवाय पदवी नाही. माझं समन्वयकपद गेलं, सेवापुस्तकात ताकीद आली. ज्या वर्षासाठी तू पूर्वी भीक मागितली होतीस ते वर्ष आम्हाला मिळालं, आणि ते खोटं उघडं पडल्यावर मिळालं. याचा मला इतका राग येतोय की कुणावर काढू ते कळत नाही. म्हणून तुझ्यावर काढतेय.

रोसेंडा


सांता मोनिका, ९ जून

आदेलिना मॅडम,

आता तुम्ही माझ्या समोरच्याच खोलीत बसता, व्हरांडा ओलांडला की दार. संचालकपद काढून तुम्हाला इथे शिकवायला परत पाठवलं त्याला सहा आठवडे झाले, आणि सहा आठवडे आपण एकमेकींना बघून चपला शोधल्यासारख्या खाली बघतो. म्हणून हेही पत्रच. शिपायाकडे देत नाही, स्वतः तुमच्या कप्प्यात टाकतेय.

सतरा मुलांच्या फेरतपासणीला दुसरा परीक्षक या मुलांना न शिकवलेला हवा होता. ते काम तुम्ही स्वतः मागून घेतलंत हे मला काल कळलं. आधी कळलं असतं तर मी आडवी आले असते.

रिझेल या वेळी अठरा दिवस धक्क्यावर गेली. पहाटे चारला मी तिला उठवलं नाही, ती स्वतः उठायची. अंगाला मासळीचा वास घेऊन वर्गात बसायची. पाचव्या दिवशी येऊन मला म्हणाली, ‘‘मा, पौर्णिमेच्या आसपास बोटी जातच नाहीत. चांदण्यात दिव्यावर मासे येत नाहीत म्हणून. मनांग पुरिंग म्हणाली, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, तुमच्या कॉलेजातून एवढी मुलं आली, एकानेही विचारलं नाही.’’ सव्वीस मुलं, दोन शिक्षक, एक संचालक. एकानेही नाही.

मग कारखान्याच्या ओट्यावर तिने पुरिंगला समजावलं. मी लांबून ऐकलं. ‘‘मनांग, एरवी माझ्या आकड्यावर विश्वास ठेव. पण पौर्णिमेच्या आधी दोन दिवस आणि नंतर तीन दिवस ठेवू नकोस, तेव्हा मला काही कळत नाही. तुला कळतं तेच कर.’’ पुरिंग म्हणाली, ‘‘हे बरंय. पहिल्यांदा कोणी मला सांगितलं की कधी ऐकायचं नाही.’’ मी तिथेच, लाद्यांच्या भुश्यात उभी राहून रडले.

आणि तुम्ही तिला दोन दिलेत.

काल तो तक्ता बघितला तेव्हा मला वाटलं तुमच्या दारावर लाथ मारावी. सतरापैकी आठ पार, आणि माझी मुलगी नाही. फेब्रुवारीत न मागता तीन वाटणाऱ्या बाईला जूनमध्ये एक गुण जड झाला? त्या खोलीत तिने तुमची खुर्ची घालवली, त्याचा हा हिशेब, असंच मला वाटलं. ते मी गाउदेन्सियो सरांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, ‘‘मॅडम, मागे शेरा आहे. वाचा तरी.’’

वाचला. दीड पान, तुमच्या त्या बारीक अक्षरात. पौर्णिमेबद्दल कौतुक. पुरिंगला समजावण्याबद्दल कौतुक, त्या रकान्यात चारपैकी चार. आणि मग : ‘ज्या अठरा दिवसांवर सूत्र बांधलं, त्याच अठरा दिवसांवर ते ताडून पाहिलं. याला ताडणं म्हणत नाहीत. काही दिवस बाजूला ठेवायला हवे होते, जे सूत्राने पाहिलेलेच नाहीत.’

मी तीनदा वाचला. एखादी फट शोधत होते. फट नाही. मीही दोनच दिले असते, जर ती माझी नसती. आणि ती माझी आहे म्हणून मला ती चूक दिसलीच नव्हती, ओट्यापाशी उभी राहून रडतानासुद्धा.

माझा राग गेलेला नाही. फेब्रुवारीतल्या त्या बाराचा राग आहे, आणि तो राहणार. त्यात आता हाही, की तू बरोबर निघालीस.

रिझेलला मी कागद दिला तेव्हा वाटलं आदळआपट करेल. तिने शेरा वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, ‘‘किती दिवस बाजूला ठेवायचे? निनांगने आकडा नाही लिहिलेला.’’ मी म्हटलं, मी सांगते. तर म्हणाली, ‘‘तू नको. तिला विचारते.’’

ती रविवारी चर्चनंतर तुझ्याकडे येणार आहे. मी नाही येणार. पण तिला दारातून परत पाठवलंस, तर मात्र सोमवारी व्हरांडा ओलांडून मी स्वतः येईन, मारे.

रोसेंडा